पलंग कुठे लावायचा?

हॉस्पिटलात तिला सगळे ताईच म्हणत. पेशंट म्हणत, नर्स म्हणत, लिफ्टवाला म्हणे, आणि तिच्याहून वयानं चांगले मोठे असलेले हाडांचे डॉक्टरही म्हणत. समाजकार्याची पदवी घेतल्यावर नोकरी कधी लागेल याचा नेम नाही, पण 'ताई' ही पदवी पहिल्याच दिवशी चिकटते, ती निवृत्तीपर्यंत काही सुटत नाही.

तिची खोली जिन्याखाली होती. एक टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा जग. वरून जिना गेल्यामुळे छत तिरकं होतं आणि उंच माणसाला आत येताना मान खाली घालावी लागे. ताई म्हणायची, बरंच आहे, निम्मं काम छतच करून टाकतं.

डॉक्टर माणसाला बरं करतात. पण बरं झालेलं माणूस, किंवा याहून जास्त बरं व्हायचं नाही असं ज्याचं ठरलं ते माणूस, खाटेवरून उठून जाणार कुठे, हे काही डॉक्टरांच्या पुस्तकात नसतं. तो प्रश्न जिन्याखाली येतो. मग नातेवाईक येतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यामुळे सरळ 'नको' कुणी म्हणत नाही. कारणं सांगतात, आणि तीही ठरल्या क्रमानं. आधी घर लहान. मग जिने. मग नोकरी. मग मुलांच्या परीक्षा. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, "खरं सांगू का ताई, आमचं आणि त्यांचं कधी पटलंच नाही."

ताई हे सगळं ऐकून घ्यायची. मध्ये एक शब्द बोलायची नाही. टेबलाच्या पलीकडे न बसता शेजारच्या खुर्चीत बसायची, पाण्याचा ग्लास पुढे करायची, "तुमची झोप होते का हो?" असं विचारायची. घरी नेणार का, असं मात्र तिनं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. त्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर असतं. माणूस जरा सैल पडला की ती सहज सुचल्यासारखं म्हणायची, "बरं, पलंग कुठे लावायचा?"

झालं. समोरचा विचारात पडायचा. पुढच्या खोलीत लावला तर दार पूर्ण उघडत नाही. मागच्या खोलीत कपाट आहे. कपाट सरकवलं तर जमेल, पण मग शिलाई मशीन कुठे ठेवायचं? माणूस मनातल्या मनात घरभर सामान हलवत सुटायचा, आणि मनात एकदा कपाट सरकलं की म्हातारा घरी पोचलाच म्हणून समजा. हॉस्पिटलात या युक्तीला नावच पडलं होतं, ताईंचा पलंग. राउंडवर आलेले डॉक्टर एखाद्या जुन्या पेशंटकडे बघून म्हणायचे, "हे अजून इथेच? ताईंचा पलंग लागला नाही वाटतं."

आज सकाळी डॉक्टर तेच म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावली. कारण ज्या खाटेकडे बघून ते बोलले, ती पुरुषांच्या वॉर्डातली खांबाजवळची खाट होती, आणि त्या खाटेवर ताईचे बाबा होते.

"सॉरी ताई," डॉक्टर म्हणाले. "पण त्यांना आता इथे ठेवून काही उपयोग नाही. लकव्यानं गेलेली उजवी बाजू जेवढी यायची तेवढी आली. बाहेर तीन माणसं खाटेची वाट बघतायत."

"कळतं मला," ताई म्हणाली. तिला नाही कळणार तर कुणाला.

नियम असा होता की घरच्या माणसाची केस आपण हाताळायची नाही. म्हणून बाबांची केस नवीकडे होती. नवी म्हणजे ताईची सहकारी. तिशी ओलांडलेली, एका मुलाची आई, आधी शाळेत समुपदेशक होती. इथे येऊन दोन वर्षं झाली तरी तिचं नाव नवीच राहिलं. तिनं दुपारी ताईला आणि ताईच्या दादाला जिन्याखाली बोलावलं होतं. म्हणजे आज ताई नातेवाईकांच्या खुर्चीत बसणार होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तिनं शंभरदा लोकांना मनातल्या मनात ऐकवलं होतं. आता स्वतःला ऐकवायची वेळ आली होती.

आणि एक गोष्ट होती जी ना दादाला माहीत होती, ना नवीला, ना बाबांना.

ताईच्या वर्गातली एक मैत्रीण एका मोठ्या कंपनीत होती. सगळ्या वर्गानं तिला मॅनेजरीण म्हणायचं ठरवलं होतं, कारण तिला स्वतःची केबिन होती आणि केबिनला काचेचं दार होतं. कंपनीला समाजासाठी काहीतरी करावं लागतं, ते ही मॅनेजरीण करायची. तिच्या हाताखालची जागा रिकामी झाली होती. दुसऱ्या शहरात. शाळांना भेटी द्यायच्या, पाण्याच्या टाक्या बांधून झाल्या का बघायचं, अहवाल लिहायचे. संध्याकाळी काम संपतं. "मी तुझं नाव पुढे केलंय," मॅनेजरीण म्हणाली होती. "आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग. वरचे लोक थांबायला तयार नाहीत."

ताईला त्या कामातली एकच गोष्ट दिसत होती. तिथे कुणाचा बाप कुठेही न्यायचा नव्हता.

या पदवीच्या एकूणएक वाटा तिनं तुडवून पाहिल्या होत्या. आधी वस्तीत काम केलं, तिथे नळासाठी मोर्चे काढले आणि नळ आल्यावर तोच नळ कुणाच्या दारात यावा यावरून झालेली भांडणं सोडवली. मग बालगृहात, तिथली पोरं पळून जायची आणि ही त्यांच्यामागे. मग व्यसनमुक्ती केंद्रात, तिथे पोरांचे बाप पळून जायचे. मग इथे. वर्गातल्या इतरांचंही असंच, जो तो आपापल्या वाटेला लागलेला. एक जण कितीतरी वर्षं तुरुंगात होता, म्हणजे नोकरीला. एक जण कॉलेजात शिकवत होती आणि दर वर्षी नव्या मुलांना या क्षेत्रात किती संधी आहेत ते सांगत होती. एकानं सगळं सोडून फ्लॅट विकायला घेतले. तो म्हणायचा, पदवीचा खरा उपयोग मला इथेच झाला, गिऱ्हाईकाचं नुसतं ऐकून घेतलं की फ्लॅट खपतो.

"ह्याचं पुढे काय होतं?" ती पदवी घेऊन घरी आली तेव्हा बाबांनी विचारलं होतं. बाबांनी कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं. त्यांना लोखंडाचा गज घेतला की त्याचा बोल्ट होतो हे माहीत होतं. "लोकांच्या अडचणी सोडवायला पदवी कशाला लागते? शेजारची काकू फुकट सोडवते." तेव्हा ताई चिडली होती. आताशा तिला वाटे, काकूला विचारायला हवं होतं, ती दमत कशी नाही.

कारण ताई दमली होती. झोपून भागेल असं ते दमणं नव्हतं. ती तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या घरात एकटीच राहायची. लग्न राहून गेलं, त्याचं आता काही वाटत नव्हतं. संध्याकाळी घरी यायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. पायात चपला तशाच, पर्स मांडीवर. कुणाशी बोलायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही. दिवा लावायलाही उठावंसं वाटायचं नाही. अंधार पडला की मग कधीतरी उठायची.

मीटिंगच्या आधी ती वॉर्डात गेली. बाबा डाव्या हातानं खाटेच्या कठड्याचा नट फिरवत होते.

"ढिला आहे," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण धार गेली नव्हती. "एक पाना मिळाला असता तर सगळ्या वॉर्डाच्या खाटा नीट केल्या असत्या. करमणूकही झाली असती."

"बाबा, हात दुखेल."

"दुखू दे. एवढाच एक चालतोय, त्याला बसून खायची सवय नको." त्यांनी शेजारच्या खाटेकडे मान वळवली. ती आज रिकामी होती. "गेला बरं का तो म्हातारा. परवा तू इथेच खाटेशी त्याच्या मुलाला पलंग लावायला लावलंस ना, आज येऊन घेऊन गेला. जाताना मला विचारत होता तो मुलगा, तुमची मुलगी डॉक्टर आहे का? म्हटलं, नाही. डॉक्टर बरं करतात, ही घरी पाठवते."

ताईला हसू आलं. "चांगलं झालं की. घर मिळालं त्यांना."

"मिळालं. तू बोलत होतीस तेव्हा बघत होतो मी. मुलगा कपाट सरकवत होता. आणि म्हातारा वर पंख्याकडे बघत पडला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पंखा चांगला आहे तो. आवाज करत नाही." बाबांनी पुन्हा नट धरला. "दुपारी काय आहे? ती नवी सांगत होती."

"काही नाही. साधी मीटिंग आहे. मी आणि दादा."

"मला बोलावलंय का?"

"तुम्ही आराम करा हो बाबा," ताई म्हणाली. त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि निघाली.

दादा मान खाली घालूनच आत आला. तो उंच होता. नवीनं खुर्च्या आधीच वळवून ठेवल्या होत्या, स्वतः शेजारी बसली, पाणी पुढे केलं. ताई मनात तिला मार्क देत होती. खुर्ची, बरोबर. पाणी, बरोबर. आता झोप.

"दादा, तुमची झोप होते का हो नीट?" नवी म्हणाली.

दादाचा चेहरा एकदम उतरला. बिचारा कारणं पाठ करून आला होता, झोपेची त्यानं तयारी केली नव्हती. "कसली झोप," तो म्हणाला. "फोन वाजला की धस्स होतं." आणि मग तो बोलत सुटला. घर लहान आहे. मुलाची परीक्षा आहे. शिफ्टची नोकरी आहे. त्याची बायको, म्हणजे ताईची वहिनी, तिची कंबर धरलेली, पट्टा बांधल्याशिवाय उभं राहता येत नाही. नवी मध्ये काही बोलली नाही. मग ती ताईकडे वळली.

"ताई, तुमचं काय?"

"माझं घर लहान आहे," ताई म्हणाली. "तीन जिने आहेत. लिफ्ट नाही. माझी नोकरी..." आणि तिला ऐकू आलं की आपण ठरल्या क्रमानं चाललो आहोत. घर, जिने, नोकरी. मुलं नव्हती म्हणून परीक्षा तेवढ्या राहिल्या. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि त्या लाजेच्या भरात जे सांगायचं नव्हतं तेच तोंडून गेलं. "मी ही नोकरी सोडतेय. दुसऱ्या शहरात मिळतेय. आज संध्याकाळी कळवायचं आहे."

नवी बघतच राहिली. "सोडताय?" ती म्हणाली. विचारायला नको होतं, मीटिंग चालू होती, पण तिला राहवलं नाही.

"आणि हे तू आत्ता सांगतेस?" दादा म्हणाला. "बाबांना कुणाच्या भरवशावर सोडून चाललीस? माझ्या?"

"मी कुठे तुझ्यावर टाकतेय? चांगल्या संस्था आहेत. मला माहीत आहेत."

"संस्था!" दादा म्हणाला. "तू? सगळ्या गावाच्या बापांना घरी पाठवलंस आणि आपल्याला संस्था?"

खोलीत वरून जिन्यावरची पावलं ऐकू येत राहिली. नवीनं दादाच्या ग्लासात पुन्हा पाणी घातलं आणि थोडा वेळ जाऊ दिला. मग अगदी सहज, जसं ताईनं शिकवलं होतं तसं, ती म्हणाली, "दादा, नुसतं विचारते हं. समजा न्यायचंच झालं, तर पलंग कुठे लावायचा?"

दादानं ग्लास खाली ठेवला. "कुठे लावणार," तो वैतागून म्हणाला. "हॉलमध्येच. तिथे टीव्ही आहे. टीव्ही आत घ्यावा लागेल." तो थांबला. "आत शोकेस आहे. शोकेस काढली तर..." त्याचे डोळे समोरच्या भिंतीवर लागले होते, पण त्याला दिसत होता तो स्वतःचा हॉल. "शोकेस काय, काढता येईल. मोडकीच झालीय."

लागला. पलंग लागला. आणखी दोन वाक्यं, की दादा हो म्हणणार होता. ताईला आता काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. संध्याकाळी मॅनेजरणीला फोन करायचा, सामान बांधायचं. सुंठीवाचून खोकला जात होता.

तेवढ्यात तिला वहिनीचा पट्टा आठवला. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा दादाच्याच घरी होती, आणि तिला उचलून उचलून वहिनीची कंबर गेली होती. ती आत्ता घरी असेल, पट्टा बांधून ओट्याशी उभी. इथे तिचा हॉल रिकामा होत होता आणि तिला पत्ता नव्हता. दादा शोकेस हलवेल आणि कामावर जाईल. बाबांना कुशीवर कोण वळवणार? ताईनं आजवर जेवढी कपाटं सरकवायला लावली, ती पुरुषांनी सरकवली होती. पुढचं सगळं करणारं माणूस या खोलीत बहुतेक वेळा आलंच नव्हतं.

"थांब," ताई म्हणाली.

नवी गोंधळली. "ताई, मी काही चुकले का?"

"नाही. तू अगदी बरोबर केलंस, म्हणून तर थांब. दादा, वहिनीला विचारलंस का?"

"ती नाही म्हणणार नाही."

"म्हणूनच तर विचारायला हवं."

दादालाही ते कळत नव्हतं असं नाही. ताई उठली. बाबांचं ते पंख्याचं बोलणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. सकाळी तिला वाटलं होतं बाबा विषय बदलतायत. "आणि अजून एकाला विचारायचं राहिलंय," ती म्हणाली. "चला वर."

तिघं वॉर्डात आले तेव्हा बाबा वर पंख्याकडे बघत पडले होते. ताईनं स्टूल ओढलं आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसली. तिला कसं बोलायचं सुचेना. एवढी वर्षं बोलण्याचंच काम केलं, आणि आता साधं वाक्य तोंडातून निघत नव्हतं.

"बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला सोडलंय," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या घरी आता एकट्यानं जमणार नाही. दादाचं घर आहे, माझं घर आहे, नाहीतर संस्था आहे. तुम्हाला कुठे जायचंय?"

"तुझ्याकडे," बाबा म्हणाले. लगेच. जणू काही शब्द तोंडात तयारच ठेवला होता. "विचारायला इतके दिवस लावलेस."

"तीन जिने आहेत, बाबा."

"मला एकदाच चढायचेत. उतरवायला येतील चार जण."

"बाबा, काहीतरीच काय!" दादा म्हणाला.

ताईला हसूही आलं आणि रडूही. पण आता सुरुवात केलीच होती, तर पुरतंच सांगायला हवं होतं. "मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय," ती म्हणाली. "चांगली आहे. मला जायचंय. मी दमलेय, बाबा. फार दमलेय. मला आता कुणाचंच काही करायला नको झालंय. तुमचंसुद्धा."

तिच्यामागे नवी हललीही नाही. ताईनं असं काही बोललेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं.

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"दमलीस ते. डोळ्याच्या ऑपरेशनला आठवडाभर राहिलो होतो की तुझ्याकडे."

"तेव्हा तुमच्या डोळ्याला पट्टी होती."

"एकाला होती. दुसरा उघडा होता." बाबा जरा थांबले, त्यांना सलग बोलताना धाप लागायची. "मी आत पडलेला असायचो. तू यायचीस, खिडकीजवळ खुर्चीत बसायचीस. चपला न काढता. दिवा नाही, काही नाही. मी झोपलोय असं दाखवायचो. म्हटलं बसू दे. दिवसभर लोकांचं ऐकते, निदान इथे तरी कुणी बोलायला नको."

ताईनं आपल्या पायातल्या चपलांकडे बघितलं.

"जायचं असेल तर जा," बाबा म्हणाले. "मी संस्थेत राहीन. रुसणार नाही. तिथल्या खाटांचे नट आवळत बसेन. पण तू विचारलंस म्हणून मनात होतं ते सांगितलं. खोटं कशाला सांगू?"

आजवर ताईनं ज्यांना ज्यांना 'हो' म्हणायला लावलं, त्यांच्यापुढे 'नाही'चं दार तिनं कधी उघडं ठेवलं नव्हतं. बाबांनी ते सताड उघडून दिलं होतं. ती हवं तर उठून जाऊ शकत होती, आणि कुणी तिला नावं ठेवणार नव्हतं, निदान ज्याला ठेवायचा हक्क होता तो तरी नाही. ती बसून राहिली. तिनं बाबांच्या निकामी हाताकडे बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच तो प्रश्न तिनं कुठलाही डाव न टाकता विचारला.

"बाबा, पलंग कुठे लावायचा?"

बाबांनी डोळे मिटले. मापं घेताना ते असेच डोळे मिटायचे. "स्वयंपाकघराच्या भिंतीला," ते म्हणाले. "लांबी पुरेल. डोकं दाराकडे करायचं."

"तिथे अंधार असतो. खिडकीजवळ लावू ना. वारा येतो, रस्ता दिसतो."

"खिडकीजवळ तुझी खुर्ची आहे."

"खुर्ची काय, कुठेही ठेवता येते."

"नाही," बाबा म्हणाले. डोळे उघडून त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "ती खुर्ची हलवायची नाही. माझा पलंग कुठेही लाव. तू दमून येतेस, तुला बसायला ती जागा तशीच पाहिजे. मी बोलणार नाही. दिवाही लावायला सांगणार नाही."

दादानं तोंड फिरवलं आणि खांबाकडे बघत उभा राहिला. मग तो म्हणाला, की दिवसा सांभाळायला माणूस तो बघेल, आणि सुट्टीच्या दिवशी बाबांना आंघोळ घालायला तो स्वतः येईल, वहिनीला पाठवणार नाही. ताईनं मान हलवली. तो किती पाळेल हे तिला माहीत होतं, अर्धं पाळेल. अर्धंही बरंच असतं.

मॅनेजरणीला फोन तिनं वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर उभं राहून केला.

"वेडी आहेस का?" मॅनेजरीण म्हणाली. "ही जागा तुझ्यासाठी थांबणार नाही गं."

"माहीत आहे."

"पुन्हा अशी संधी येणारही नाही, आपलं वय बघ."

"तेही माहीत आहे," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. तिला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. ते काचेचं दार, संध्याकाळी संपणारं काम, कुणीही ताई न म्हणणारं शहर, सगळं तिनं मनात मांडून ठेवलं होतं, आणि आता तिथलं एकेक सामान पुन्हा उचलावं लागत होतं. कर्तव्य केल्यावर मन हलकं होतं असं पुस्तकात लिहितात. तिचं काही झालं नाही.

नवी जिन्यात तिची वाट बघत होती. "ताई, मग पलंगाचं विचारायचं नाही का यापुढे?"

"विचार की. पण ज्याला त्यावर झोपायचंय त्याला आधी विचार. आणि जिला चादरी धुवायच्यात तिला बोलावून घे. मग बाकीच्यांना."

"वेळ लागेल."

"लागेल. डॉक्टर ओरडतील. ओरडू देत."

ती वॉर्डात परत आली. दादा कागदपत्रांच्या मागे गेला होता. भेटीची वेळ होती, नातेवाईकांची वर्दळ होती, कुणी डबा उघडत होतं, कुणी मोठ्यानं फोनवर बोलत होतं. ताई रोज या वेळी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात असायची. आज ती स्टुलावर बसली, बाकीचे नातेवाईक बसतात तशीच. बसली, आणि कठड्यावर हात टेकून त्यावर डोकं ठेवलं. चपला पायात तशाच होत्या, पर्स मांडीवर होती. बाबांनी तो नट हातानं का होईना, आवळून ठेवला होता, कठडा हलला नाही.

डोळा कधी लागला ते तिला कळलं नाही. मध्येच कुठून तरी ट्रॉलीचा खडखडाट आला आणि वॉर्डबॉयचा आवाज, "अहो ताई, तिकडे तुम्हाला शोधतायत..."

"हळू," बाबा म्हणाले. झोपेतच तिला त्यांचा डावा हात आपल्या डोक्यावर आलेला जाणवला. "कुणालाही सांग, ताई नाहीये. ही माझी मुलगी आहे. दमलीये, झोपू दे तिला."